‘नामाए’ आणि आपले ‘नाव’

महोदय,

‘जपानीत नावाला नामाए म्हणतात, म्हणजे जपानी भाषा संस्कृतातूनच निघाली’ हा मजकूर मला महिन्याभरात तीनदा आला. धाडणारे तिघेही चांगले शिकलेले, म्हणून हे पत्र.

इंग्रजी ‘नेम’ आणि संस्कृत ‘नामन्’ यांचे नाते खरे आहे, दोन्हींचे मूळ एकच. पण ‘नामाए’ची फोड ‘ना’ आणि ‘माए’ अशी होते. जुना शब्द नुसता ‘ना’. ‘माए’ म्हणजे पुढचा भाग, आणि तो मात्र मागाहून चिकटला! म्हणजे जुळायला उरला एक ‘न’. एवढ्यावर सोयरीक ठरत नाही.

‘आरिगातो’ हा जपानी आभाराचा शब्द पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला, हीदेखील अशीच लोणकढी. पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये. ‘असणे कठीण’, म्हणजेच दुर्मीळ, या अर्थाचा ‘आरिगाताशी’ त्याच्या कितीतरी शतके आधी जपानी साहित्यात सापडतो.

माझा लाडका दाखला ऑस्ट्रेलियातला. क्वीन्सलंडमधल्या म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. ऐकणारा म्हणेल, इंग्रजांकडून उचलला. पण त्याच भागातल्या यिदिन्य भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी याचा उलगडा केला. म्बाबाराममध्ये शब्दाचे पहिले अक्षर गळते. ते ‘ग’ असेल तर जाता जाता पुढच्या ‘आ’चा ‘ऑ’ करून जाते. शेवटचा स्वरही झडला आणि ‘गुडागा’चा ‘डॉग’ झाला. इंग्रजीचा काडीचा संबंध नाही.

‘मामा’, ‘बाबा’, ‘पापा’ हे तर जगभर आढळतात, कारण ओठ मिटून उघडले की बाळाच्या तोंडून आधी हेच निघते. त्याला अर्थ चिकटवतात मोठी माणसे. आपला मामा आईचा भाऊ. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आईला तिथे ‘देदा’!

‘चहा’ची गोष्ट वेगळी. तो चीनमधून मालाबरोबर देशोदेशी गेला. ही उसनवारी आहे, रक्ताचे नाते नव्हे.

आणि लांब कशाला जायचे? आपण ‘नाव’ सांगतो आणि ‘नाव’ वल्हवतोही. पहिला शब्द ‘नाम’पासून झाला, दुसरा ‘नौ’पासून.

तेव्हा विनंती एवढीच : आपल्या पुरवणीत व्युत्पत्तीचा मजकूर येईल, तेव्हा त्या शब्दाचे मिळेल तितके जुने रूपही शेजारी छापावे.

– एक वाचक