आयतीत थांबायचं कुठे

अम्मी, अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

अम्मी, चार निकाहांबद्दलच्या आयतीवरून (कुरआनातल्या वचनावरून) आपलं बोलणं निघालं तेव्हा फोनवर तू म्हणालीस, "इतकं खोलात जाऊ नकोस, ईमान डळमळतं." आणि अब्बा, तुम्ही मागून म्हणालात की कुरआनचा अर्थ लावणं हे उलेमांचं (आलिमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं) काम, आपण आपली अक्कल तिथे आणू नये. मी गप्प बसले, पण पटलं म्हणून नव्हे. दोन मिनिटांत बोलून टाकण्यासारखी ही गोष्ट नाही, आणि तुम्हाला माझी काळजी लागून राहावी असंही मला वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. आधी एवढं सांगते की नमाज सुरू आहे, आणि कुरआन मी पूर्वीपेक्षा जास्त वाचते आहे.

अब्बा, तजवीद, म्हणजे कुरआन म्हणायची शिस्त, मला तुम्ही शिकवलीत, म्हणून तिथूनच सुरुवात करू. सूरह (अध्याय) आले-इमरानची सातवी आयत काढा. अल्लाह तिथे सांगतो की या किताबमधल्या काही आयती मुहकम आहेत, पक्क्या आणि स्पष्ट, त्याच किताबचा पाया. दुसऱ्या मुतशाबिह, ज्यांचे एकाहून जास्त अर्थ निघू शकतात. ज्यांच्या मनात वाकडेपणा आहे ते फितना माजवायला मुतशाबिह आयतींच्या मागे लागतात. मला सावध करताना तुम्ही नेहमी इथपर्यंतच ऐकवता. पण पुढे वाचा. 'त्यांचा खरा अर्थ अल्लाहशिवाय कोणी जाणत नाही.' तुमच्या प्रतीत इथे छोटा मीम, या अरबी अक्षराची खूण, आहे, म्हणजे थांबायलाच हवं. थांबलं की पुढचं वाक्य सुटं होतं: 'आणि जे ज्ञानात पक्के आहेत ते म्हणतात, आमचं यावर ईमान आहे.' न थांबता वाचलं तर मात्र अर्थ असा होतो की अल्लाह जाणतो, आणि ज्ञानात पक्के असलेलेही जाणतात.

हे दुसरं वाचन आजकालच्या कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. पैगंबर साहेबांचे सोबती इब्ने अब्बास यांचे शिष्य मुजाहिद असंच वाचत, आणि खुद्द इब्ने अब्बास यांच्या नावावर दोन्ही बाजूंच्या रिवायती, म्हणजे तोंडोतोंडी सांगत आलेली कथनं, आहेत. सुरुवातीच्या मुसहफांत (कुरआनच्या प्रतींत) थांबण्याच्या खुणा नव्हत्याच. त्या नंतरच्या आलिमांनी व्याकरण, रिवायती आणि अर्थ यांचा विचार करून घातल्या. त्यांच्या मेहनतीपुढे माझी मान झुकते. पण तो मीम वह्यीबरोबर, अल्लाहकडून आलेल्या संदेशाबरोबर, उतरला नव्हता, तो माणसांनी विचारान्ती ठरवला. अल्लाहच्या कलामात अनेक अर्थांना जागा आहे, हे ज्या आयतीत सांगितलंय, तीच आयत दोन तऱ्हांनी वाचता येते. मला तो योगायोग वाटत नाही.

शिवाय मुहकम कोणत्या आणि मुतशाबिह कोणत्या, याची यादी आयतीत दिलेली नाही. इमाम राजी (मृत्यू 1210) यांनी याच आयतीच्या तफसीरमध्ये (भाष्यात) फार स्पष्ट लिहून ठेवलंय की प्रत्येक पंथ आपल्या मताला धरून असलेल्या आयतींना मुहकम म्हणतो आणि विरोधकाच्या बाजूच्या आयतींना मुतशाबिह. आठशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या आलिमाने हे मान्य केलं, आणि त्यामुळे त्यांच्या ईमानला धक्का लागला असं कुणी म्हणालं नाही.

आता आपल्या घरातलंच बघा. अम्मी शाफई, अब्बा हनफी, म्हणजे धर्मनियमांच्या दोन वेगळ्या मसलकांचे (परंपरांचे). वुजूची, म्हणजे नमाजाआधीच्या धुण्याची, आयत एकच, सूरह माइदामधली: डोक्यावर ओला हात फिरवा. किती डोक्यावर? अम्मीच्या मसलकात थोडासा भाग ओला झाला तरी फर्ज (बंधनकारक कर्तव्य) अदा होतं, अब्बांच्या मसलकात चौथा हिस्सा लागतो, आणि मालिकी या तिसऱ्या मसलकात संपूर्ण डोकं. तिघांची आयत तीच, तिघांकडे हदीस (पैगंबर साहेबांच्या वचनांची-कृतींची नोंद), तिघांकडे व्याकरणाचे दाखले. तुम्ही दोघांनी एवढ्या वर्षांत एकदाही एकमेकांचा वुजू झाला नाही असं म्हटलं नाहीत. अल्लाहच्या एका हुकुमाचे दोन अर्थ एका छताखाली अदबीने राहू शकतात, हे मी तुमच्याकडे बघून शिकले, कुठल्या पुस्तकातून नव्हे. मग मी मोठ्या प्रश्नांत तेच बोलते तेव्हा तुम्हाला भीती का वाटते?

अब्बा म्हणतात तसं उलेमांवर सोपवायचं ठरवलं, तरी उलेमा म्हणजे कोण? शाफई मसलक ज्यांच्या नावाने आहे ते इमाम शाफई इजिप्तला गेल्यावर त्यांची कितीतरी मतं बदलली. त्यांच्या जुन्या आणि नव्या मतांना कदीम आणि जदीद अशी नावंच आहेत. इमाम अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी पुष्कळ मसल्यांत (धर्मनियमाच्या प्रश्नांत) उस्तादांपेक्षा वेगळं मत दिलं, आणि हनफी फतवा अनेकदा शिष्यांच्या मतावर दिला जातो. यांतल्या कुणाचं ऐकायचं हे ठरवायलाही अक्कलच लागते.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती बनू कुरैजाची हदीस. बुखारी या हदीससंग्रहात आहे. खंदकच्या लढाईनंतर पैगंबर साहेबांनी सहाबांना (आपल्या सोबत्यांना) सांगितलं, 'असरची (दुपारनंतरची) नमाज कुणीही बनू कुरैजा टोळीच्या वस्तीत पोचल्याशिवाय पढू नये.' वाटेतच असरची वेळ झाली. काही जण म्हणाले, हुकूम म्हणजे हुकूम, आम्ही पोचल्यावरच पढू. काही म्हणाले, त्यांचा हेतू आपण लवकर निघावं एवढाच होता, नमाज चुकवावी असा नव्हता, आणि त्यांनी वाटेत पढून घेतली. एकाने शब्द धरला, दुसऱ्याने हेतू. ही गोष्ट पैगंबर साहेबांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी कुणालाही दोष दिला नाही.

अम्मी, हे पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. ज्यांच्या तोंडून तो हुकूम निघाला ते हयात होते. 'मला असं म्हणायचं होतं' एवढं एक वाक्य बोलले असते तर वाद कायमचा मिटला असता. ते बोलले नाहीत. दोन्ही गटांनी मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न केला होता, तेवढं त्यांनी मानलं. काजीने विचार करून निवाडा केला आणि तो बरोबर ठरला तर दोन सवाब (पुण्यं), चुकला तरी एक सवाब, ही हदीस तुम्हालाही पाठ आहे. चुकीलाही जिथे सवाब आहे, तिथे विचार करणं गुन्हा कसा असेल?

तुमची खरी भीती मला कळते. प्रत्येक जण मनाला येईल तो अर्थ लावू लागला तर दीनचं काय राहील? भीती खोटी नाही. पण इतिहासात मला जास्त घाबरवतात ते 'आम्ही अर्थ लावतच नाही' म्हणणारे. 657 साली सिफ्फीनच्या मैदानात भाल्यांवर कुरआन उंचावले गेले, लवाद नेमायचं ठरलं, आणि चौथे खलीफा हजरत अलींच्या सैन्यातला एक गट 'हुकूम फक्त अल्लाहचा' म्हणत फुटून निघाला. तेच खारिजी. अली म्हणाले, वाक्य खरं आहे, पण त्यातून साधायचंय ते खोटं. आणि हेही म्हणाले की कुरआन म्हणजे दोन पुठ्ठ्यांमधल्या ओळी, त्या स्वतः बोलत नाहीत, त्यांच्या वतीने माणसं बोलतात. 661 मध्ये त्याच खारिज्यांपैकी एकाने अलींचा जीव घेतला. आपल्याच समजुतीला तो अल्लाहचा हुकूम समजत होता, आणि आपण चुकत असू ही शंका घ्यायला त्याच्याकडे जागाच उरली नव्हती.

अकलेची बाजू घेणारेही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे लपवून मी तुमच्याशी बोलणार नाही. मुअतजिला हा विचारपंथ अकलेला सर्वांत वरचं स्थान देणारा. त्यांचं मत खलीफा मामूनने उचललं आणि 833 मध्ये काजी-आलिमांची झडती सुरू केली: कुरआन मख्लूक (निर्माण केलेलं) आहे म्हणा, नाहीतर शिक्षा. इमाम अहमद बिन हंबल यांनी ते म्हटलं नाही. ते कैदेत राहिले, त्यांनी फटके खाल्ले. या प्रसंगात माझं मन पूर्णपणे इमाम अहमद यांच्या बाजूने आहे. चाबूक हातात घेतलेल्या अकलेला मी अक्कल म्हणणार नाही.

मग नीट वापरलेली अक्कल कशी दिसते? मला ती पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयशांमध्ये दिसते. घरच्यांच्या रडण्यामुळे मृताला अजाब (यातना) होतो, ही रिवायत त्यांच्यासमोर आली. सांगणारे साधेसुधे नव्हते, दुसरे खलीफा हजरत उमर आणि त्यांचे पुत्र इब्ने उमर होते. आयशांनी त्यांना खोटं म्हटलं नाही, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणाल्या, आणि कुरआनची आयत पुढे ठेवली: कोणताही जीव दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही. स्वतःच्या आवडीनिवडीवरून त्या बोलल्या नाहीत. ऐकलेलं त्यांनी कुरआनवर आणि न्यायावर पारखून घेतलं. मला एवढंच शिकायचं आहे.

जाता जाता एक. इब्ने रुश्द आणि इब्ने तैमिया ही दोन टोकं. पहिला स्पेनमधल्या कुर्तुब्याचा तत्त्वज्ञ काजी, दुसरा तत्त्वज्ञांचा कडवा टीकाकार. तरी शुद्ध अक्कल आणि खरी वह्यी यांच्यात विरोध असू शकत नाही, हे दोघांनीही लिहिलंय. विरोध दिसला तर कुणाला झुकतं माप द्यायचं, यावरच त्यांचं भांडण.

आता ज्या मसल्यावरून आपलं बोलणं सुरू झालं तो. सूरह निसाच्या तिसऱ्या आयतीत चार निकाहांची परवानगी आहे, पण न्याय करता येणार नाही अशी भीती वाटली तर एकच. त्याच सूरहच्या 129व्या आयतीत म्हटलंय की कितीही इच्छा असली तरी बायकांमध्ये पूर्ण न्याय तुम्हाला करता येणार नाही. जुने मुफस्सिर (कुरआनचे भाष्यकार) म्हणतात, पहिला न्याय खर्चाचा आणि प्रत्येकीला द्यायच्या वेळेचा, दुसरा मनातल्या प्रेमाचा, त्यामुळे परवानगी कायम राहते. ट्युनिसियाने 1956 मध्ये दोन्ही आयती एकत्र वाचल्या, आणि अट पुरी होणारच नसेल तर परवानगीही नाही, असं म्हणत कायद्याने बंदी आणली. मला दुसरं वाचन जास्त पटतं. कारण तिसरी आयत सुरूच होते ती अनाथांना न्याय देण्याच्या काळजीने, पुरुषाच्या हौसेने नव्हे. पण 129व्या आयतीचा शेवट, 'एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला लटकत ठेवू नका,' हा एकाहून जास्त बायका गृहीत धरतो, म्हणून जुन्या मुफस्सिरांच्या बाजूने जातो, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

अब्बा, तुमच्या तफसीरमध्ये या शेवटच्या वाक्यावर काय म्हटलंय ते बघून मला कळवा, माझ्या विरोधात असलं तरी. आणि अम्मी, तुझं मत अब्बांपेक्षा वेगळं असेल तर ते तू स्वतः लिही, त्यांच्या पत्राखाली एका ओळीत उरकू नकोस.

तुमची लेक