जुनी एसयूव्ही घ्या, पण आधी धर्मकाट्यावर जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत गाडीमागे मुक्कामाचा छोटा ट्रेलर जोडून भटकण्यावर लेख आला होता. फोटो झकास होते, नर्मदेकाठी उभा ट्रेलर, पुढे दोन खुर्च्या, चहाचे कप वगैरे. पण ट्रेलर ओढायला गाडी कोणती घ्यावी याबद्दल अख्ख्या लेखात एकच ओळ, की एखादी दमदार जुनी एसयूव्ही पुरेशी आहे. त्या एका ओळीपायी मला चार दिवसांत तीन फोन आले, कारण इंदूरच्या सुदामा नगरात ट्रेलरवाले काका म्हणून मीच बदनाम आहे, आणि तिघांचाही पहिला प्रश्न एकच, काका किती बीएचपीची, म्हणजे किती ताकदीच्या इंजिनाची घेऊ? म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण ब्रेकचा भाग तेवढा ठेवा.

बीएचपीची चिंता सगळ्यात शेवटी करा. बाजारात मिळणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या सगळ्या दमदारच आहेत हो. १२० बीएचपीवाली स्कॉर्पिओ घ्या, सफारी स्टॉर्म घ्या (तिचा टॉर्क म्हणजे ओढायचा जोर ३२० न्यूटन मीटर, २०१५ नंतरच्या एका मॉडेलमध्ये तर ४००), पहिली तीन लिटरवाली फॉर्च्युनर घ्या, हजार किलोच्या आतला ट्रेलर यातली कोणतीही बायपासवर आरामात ओढेल. खरा प्रश्न ट्रेलरचं वजन नक्की किती हा आहे आणि तोच कोणी विचारत नाही.

आमचा ट्रेलर आम्ही पुण्याहून सेकंडहँड आणला, कागदांसकट. विकणाऱ्याने सांगितलं साडेसहाशे किलो. मी ते खरं मानून सहा महिने फिरलो. मग एकदा देवास नाक्याकडे ट्रकवाल्यांच्या धर्मकाट्यावर (अख्खं वाहन तोलायच्या काट्यावर) नेला, अगदी निघताना असतो तसा भरून, तर ९४० किलो! माझा विश्वासच बसेना, परत तोलायला लावला, काटेवाला हसायला लागला. मग घरी येऊन हिशोब मांडला. पाण्याची टाकी ८० लिटरची म्हणजे ८० किलो तिथेच गेले, बॅटरी, गॅसचं सिलिंडर, शेगडी, गाद्या, तंबूचं कापड आणि लोखंडी पाइप, शिवाय घरच्यांचा कुकर, पोळपाट-लाटणं आणि चिवड्याचे डबे. रिकाम्या ट्रेलरचं वजन म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतली मुहूर्ताची वेळ, प्रत्यक्षात किती वाजता लागतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं वजन याहून महत्त्वाचं आणि ते धर्मकाट्यावर कळत नाही. ट्रेलरची दांडी गाडीच्या बॉलवर (मागच्या लोखंडी गोळ्यावर, ज्याला ट्रेलर जोडतात) किती किलोने टेकते ते वजन. घरचा बाथरूमचा काटा घ्यायचा, ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावायचे, दांडीच्या तोंडाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून तो काट्यावर टेकवायचा आणि आकडा वाचायचा, बस. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात ५-७ टक्के सुद्धा चालवतात कारण तिथे ट्रेलर वेगळ्या बांधणीचे आणि वेगही कमी. आमचा आकडा आला ३५ किलो, म्हणजे चार टक्के पण नाही, कारण पाण्याची टाकी मागच्या टोकाला बसवलेली. तेव्हा मला कळलं की इंदूरजवळ राऊला एकदा आमचं काय झालं होतं. ७५ च्या स्पीडला शेजारून एक मोठा कंटेनर निघून गेला आणि आमचा ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलायला लागला, प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा, गाडीचं मागचं अंग पण सोबत ओढलं जात होतं. मी घाबरून ब्रेक मारला, जो बिलकुल मारू नये. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. वाचलो ते नशिबाने. नंतर टाकी चाकांच्या वर सरकवून घेतली, दांडीचं वजन ८५ वर आलं, तेव्हापासून शेपूट हलणं बंद.

हे ८५ किलो गाडीच्या पाठीवर बसतात हे पण लक्षात ठेवा. गाडीवर कंपनीची प्लेट असते, तिच्यावर भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन असतं, आरसीत रिकामं वजन असतं, दोन्हीतला फरक म्हणजे तुमची माणसं, सामान आणि दांडी मिळून जेवढं चालेल तेवढं. सात सीट आहेत म्हणून सात माणसं बसवून वर ट्रेलर जोडला की मागची स्प्रिंग दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) गाडी जास्त स्थिर राहते, स्कॉर्पिओचा २६८० मिमी आहे, फोर्ड एंडेव्हरचा २८५०, फरक हायवेवर जाणवतो. पण एंडेव्हर घेताना हे पण बघा की कंपनीने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तेव्हा पार्ट मिळणार कुठून हे आपल्या मिस्त्रीला आधी विचारून घ्या.

आता ब्रेक. आपल्याकडे, म्हणजे माळव्यात, कुठेही फिरायला निघा, नर्मदेकडे जायचं तर घाट उतरावाच लागतो. मानपूरकडून जा, सिमरोल-भेरूघाटाने जा, नाहीतर महूवरून जाम गेटने जा, जो अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला आणि जिथून निमाड खाली पसरलेला दिसतो. आमच्या मेव्हण्याच्या गाडीने आम्ही पहिल्यांदा ट्रेलर घेऊन तिथूनच मंडलेश्वरकडे उतरत होतो. तो सारखा ब्रेकवर पाय ठेवून, मी म्हणतोय अरे खालच्या गियरमध्ये टाक, तो म्हणतोय भाऊजी ब्रेक एकदम मस्त आहेत. चौथ्या-पाचव्या वळणाला जळका वास आला आणि पेडल खाली जायला लागलं. डोंगराच्या बाजूला चर होती तिच्यात चाक घालून थांबवली. माझी बायको नंतर महेश्वरच्या घाटावर पाण्यात पाय सोडून तासभर काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

कारण काय तर ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की लवकर उकळतं, आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण पुढे जोर देत नाही. त्या गाडीत ऑइल कधी बदललं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्याच दिवशी ब्रेक ऑइल पूर्ण बदला, पुढच्या डिस्क किती झिजल्यात बघा, मागे ड्रम असतील तर उघडायला लावा. सीट कव्हरचे पैसे तिकडे घाला. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. तिथे ओव्हररनवाले चालतात, गाडी हळू झाली की मागून ट्रेलर ढकलतो, दांडी आत सरकते आणि त्या धक्क्यानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात, वायर नको काही नको. आमच्या ट्रेलरला नव्हते, बसवून घेतले, महाग पडले, पण जाम गेटनंतर घरात कोणी किंमत विचारली नाही.

मग आम्ही आमची स्वतःची गाडी शोधायला लागलो. इंदूरच्या बाजारात दिल्लीकडच्या डिझेल गाड्या खूप येतात, तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर बंदी आली म्हणून स्वस्तात निघतात आणि इकडे एनओसी घेऊन येतात. स्वस्त असतात हे खरं. एका डीलरकडे आरशासारखी चमकणारी स्कॉर्पिओ दाखवली, मीटरवर ६० हजार किलोमीटर, पण ब्रेकचं पेडल आणि स्टिअरिंग झिजून गुळगुळीत झालेलं, साठ हजारात एवढं झिजत नाही. आमचे मिस्त्री गाडीखाली सरकले, टॉर्च मारला, चेसिसचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा मागचा भाग नुकताच काळ्या रंगाने रंगवलेला. डीलर म्हणाला अंकल, रस्टप्रूफिंग है. मिस्त्रींनी पान्याने रंग खरवडला तर खाली वेल्डिंगची जाडजूड रेघ, म्हणजे चेसिस कधीतरी तुटून जोडलेली, आणि नेमकी तिथेच जिथे ट्रेलर जोडायचा टो बार बसतो. आम्ही चहा न पिता निघालो. सहा-सात गाड्या अशाच नाकारल्या, पोरगं वैतागलं, पण चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीला (क्रॉस मेंबरला) जोड असलेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

चेसिसवाली घ्या की बिनचेसिसची यावर लोक खूप भांडतात. मोनोकॉक म्हणजे बिनचेसिसच्या गाड्या ओढत नाहीत असं काही नाही, युरोपात साध्या मोटारी ट्रेलर घेऊन फिरतात. पण त्यांना कंपनीचा मोजून-मापून बनवलेला टो बार असतो. आपल्याकडे वेल्डरकडे जाऊन फ्लोअरच्या पत्र्याला हुक डागून आणला तर दोन पावसाळ्यांत पत्रा फाटणार. म्हणून मी तरी स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, इनोव्हा, फॉर्च्युनर अशी लॅडर म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या चेसिसचीच सांगतो, आणि टो बार सुद्धा नटबोल्टने बसवा. क्लचची परीक्षा सोपी आहे, हँडब्रेक ओढा, चौथा गियर टाका, हळूहळू क्लच सोडा, इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक, चालूच राहिलं तर घसरतोय. ट्रेलरसोबत चढावर रिव्हर्स घेताना क्लच सगळ्यात जास्त जळतो आणि ते काम प्रत्येक ट्रिपमध्ये करावं लागतं. ऑटोमॅटिक असेल तर गियर ऑइल काढून जळका वास येतो का बघा. टायरवर चार आकडे असतात, ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा, ट्रेलरचे टायर उन्हात उभे राहून झिजायच्या आधीच तडकतात तेव्हा खोबणीवर जाऊ नका, तारीख वाचा.

कागदांचं थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबर पण ट्रेलरवर दिसला पाहिजे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरल्याचा कागद) घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. इन्शुरन्सवाल्याला ट्रेलर ओढणार आहे हे लेखी सांगा, तोंडी नाही.

आणि गाडी कंपन्यांना आपल्या पेपरमार्फत एक विनंती. भारतातल्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात ट्रेलर किती किलोचा ओढावा हे लिहिलेलंच नसतं. आपली नवी स्कॉर्पिओ-एन ऑस्ट्रेलियात विकली जाते तेव्हा तिथे स्पष्ट छापतात, ब्रेक असलेला ट्रेलर २५०० किलो, बिनब्रेकचा ७५०. तिथल्या माणसाला जो आकडा देता तो इंदूरच्या माणसाला का नाही? इथे वेगळा आकडा बसत असेल तर वेगळा छापा, पण छापा. परिवहन विभागाने सुद्धा छोट्या ट्रेलरसाठी कोणते कागद, कोणते लाइट, कोणते ब्रेक हे एका पानावर हिंदीत-मराठीत लावलं तर बरं होईल, सध्या रस्त्यावर ट्रेलर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मागे एक पण लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येते.

ज्या तिघांनी फोन केला त्यांनी रविवारी सकाळी नऊला घरी यावं, गाडी घेण्याआधी, घेतल्यावर नको. अंगावर जुने कपडे घाला, गाडीखाली झोपायचंय. बाथरूमचा काटा माझ्याकडे आहे, दांडी टेकवून टेकवून तो हल्ली दोन किलो जास्त दाखवतो असं बायकोचं म्हणणं आहे.

आपला नियमित वाचक,
सुदामा नगर, इंदूर