दूध, पेन्सिल आणि खालचे आजोबा

ॲम्स्टलव्हीन

प्रिय नंद्या,

पत्राला उशीर झालाय, शिव्या फोनवर घाल. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या संग्रहालयात गेलो होतो. सूर्यफुलांपुढे ही गर्दी! मी अडकलो १८८२च्या एका पेन्सिल-चित्राशी. खुर्चीवर बसून दोन्ही मुठींत तोंड खुपसलेला टकला म्हातारा. कोळसा नाही, पेन्सिलच. पण कोटाचा काळा कसा, एकदम मंद, बिनचकाकीचा. 'पेन्सिलीचा काळा चमकतो, त्याला काळा म्हणू नये' असं तू ओरडायचास ना? मग ऐक. सुताराची जाड पेन्सिल, जलरंगाचा खरखरीत कागद, दाबून ओढलेल्या रेघा आणि वरून चक्क दूध! दूध-पाणी ओतलं की ग्राफाइटची चकाकी मरते आणि रेघ पक्की बसते. आपल्या खोलीत चहालाच दूध नसायचं, चित्रं चमकणारच.

पण झोप उडालीय ती दुसऱ्याच कारणाने. खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज दारातल्या बाकावर बसतात. मान छातीवर, टोपी मांडीवर. मला ते काढायचेत. चोरून काढावं, तर मिरज स्टेशनवरचा हमाल आठवतो. 'माझे पैसे?' म्हणत तो उठला आणि तू माझी वही घेऊन पळालास. (ती वही अजून दिलेली नाहीस.) विचारून काढावं, तर माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ होतो, मग उरतं काय?

व्हिन्सेंट पैसे देऊन बसवायचा, तेही भावाने पाठवलेल्या पैशांतून. त्या चित्रातला म्हातारा, झाउडरलांड, हेगच्या वृद्धाश्रमातला, सत्तरी ओलांडलेला. त्याला इतक्यांदा बसवलं की ताठपणा झिजून गेला असावा, असं मला वाटतं. काही चित्रांत त्याच्या बाहीवरचा आश्रमाचा क्रमांकही काढलाय, १९९. पुढे अभ्यासकांना त्याचं नाव सापडलं ते त्या आकड्यावरून. आपल्या हमालाचा बिल्ला तू काढला होतास का रे? मी तर फक्त पागोट्याच्या घड्या काढत बसलो होतो.

आणि हो, व्हिन्सेंटचं नि त्याच्या मित्राचं, रापार्डचं, १८८५ साली व्हिन्सेंटच्या 'बटाटे खाणारे' या चित्राच्या शिळाछापावरून (दगडावरून छापलेल्या प्रतीवरून) फाटलं ते फाटलंच. आपलं निदान खोडरबरावरून फाटायचं आणि संध्याकाळी जुळायचं.

चिनूच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींच्या बदलीचं कळव.

रविवारी आजोबांना विचारणार आहे. डच माणसाला पैसे द्यावेत की चिवड्याचा डबा, तेवढं लगेच सांग.

तुझा,
बाळ्या