जपानचे स्वप्न आणि वेळेवर तयारी

संपादक महोदय,

जपानमध्ये शिकायला जायचे म्हणणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना ‘आधी बारावी तर होऊ दे’ असे सांगून गप्प बसवले जाते, पण भाषेची तयारी बारावीनंतर सुरू करायची तर फार उशीर झालेला असतो. तिथले बहुतेक पदवी अभ्यासक्रम जपानीतूनच शिकवले जातात. इंग्रजीतले आहेत, पण मोजकेच. जपानी लिपीतल्या कांजी (मूळच्या चिनी) चिन्हांपैकी नित्य वापराच्या चिन्हांची अधिकृत यादीच २१३६ चिन्हांची आहे, आणि एकाच चिन्हाचे निरनिराळे उच्चार, रेघा काढण्याचा ठरलेला क्रम हे सारे अंगवळणी पडायला काही वर्षे जावी लागतात. ती वर्षे या वयातच हाताशी असतात.

खर्चाची धास्ती रास्त आहे. तथापि जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती पदवी शिक्षणासाठीही मिळते, तीत शुल्क भरावे लागत नाही, दरमहा निर्वाहभत्ता मिळतो आणि सुरुवातीला भाषेचे प्रशिक्षणही दिले जाते, हे कित्येक पालकांच्या गावीही नसते. निवड अर्थातच कठीण आहे. स्वखर्चाने जाणाऱ्यांना परवानगी काढून सत्रकाळात आठवड्याला २८ तासच काम करता येते. त्या कमाईत शिक्षण आणि राहणे दोन्ही भागेल असे सांगणाऱ्या दलालांपासून पालकांनी सावध राहावे.

या शिष्यवृत्तीचे अर्ज जपानी दूतावासामार्फत मागवले जातात. त्यांची सूचना आपल्या दैनिकाने दरवर्षी मुदतीच्या पुरेशी आधी ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक पालक