डोलणारा टेट्रापॉड

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "मोठे दगड टाका की समुद्राच्या बंधाऱ्यावर, विषय संपला", तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अरे, लाट दुप्पट उंच झाली की हडसनच्या सूत्रानं दगडाचं वजन आठपट लागतं, कारण उंचीचा घन येतो, आणि एवढा दगड खाणीतून निघायला तर हवा! म्हणून मग टेट्रापॉड, १९५० साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला निघालेला. आपण मरीन ड्राइव्हला बघत बसायचो तेच चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. पाय एकमेकांत अडकतात आणि मधल्या फटींत लाटेचा जोर जिरतो.

सध्या खडकवासल्याला लॅबमध्ये टेस्ट चालू आहेत. काचेची लांबलचक फ्लूम, म्हणजे लाटा सोडायचा पाण्याचा पाट, त्यात बांधाचं १:४० चं मॉडेल, म्हणजे ८ टनांचा टेट्रापॉड १२५ ग्रॅमचा होतो, तळहातावर मावतो बघ, ४ मीटरची लाट १० सेंटिमीटरची, आणि वेळ त्या चाळीसच्या वर्गमुळानं आखडतो त्यामुळे सहा तासांचं वादळ तासाभरात उरकतं. टेट्रापॉड पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेले असतात, एखादा घसरला की लगेच कळतं.

तर परवा पाण्याच्या पातळीजवळचा एक पिवळा. जागा सोडली नाही त्यानं, पण दर लाटेला मागे टेकायचा, लाट उतरली की पुढे, टक्... टक्... मी काचेला कान लावून बसलो होतो. निसटला नाही म्हणून नुकसानीच्या टक्केवारीत तो धरलाच जात नाही, मी मात्र वहीत वेगळा लिहिला, "डोलतो". कारण मॉडेलमध्ये काँक्रीटची ताकद त्या प्रमाणात कमी होत नाही रे, १२५ ग्रॅमचा तुकडा कितीही आपटला तरी शाबूत राहतो, ८ टनांचा तसाच आपटत राहिला तर पाय मोडतो, आणि पाय मोडला की अडकून राहणं संपलं. पोर्तुगालमध्ये साइन्सला फेब्रुवारी १९७८ च्या वादळात ४२ टनांचे डोलोस, म्हणजे टेट्रापॉडसारखेच एकमेकांत अडकणारे काँक्रीटचे ठोकळे, असेच तुटले, त्यांत सळई नव्हती, आणि बांधाचं कवच बरंचसं गेलं. एवढ्या मोठ्या बंदराचं! वाचताना पोटात गोळा आला होता माझ्या.

म्हणून मला तरी वाटतं की डोलणारे मोजायलाच हवेत, रिपोर्टात त्यांची वेगळी ओळ हवी, आणि सोमवारी मी ते साहेबांसमोर मांडणार आहे.

तू एक काम कर. मोठ्या ओहोटीला तुमच्या बंधाऱ्याकडे जा, वर चढू नकोस, शेवाळ असतं. पायांच्या बेचक्यात चीर दिसते का, टेकतात तिथे घासल्याच्या पांढऱ्या खुणा आहेत का, एवढं बघ आणि जवळून फोटो पाठव, शेजारी चप्पल ठेव म्हणजे माप कळेल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुऱ्या