तीन ओळींत सापडलेली माहेरं

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. आपल्याकडे जुन्या मिशनच्या इतिहासावर काम करणारी बरीच मंडळी आहेत. अमेरिकेत, न्यू इंग्लंडमधल्या एका लहान गावात बसून तुम्ही जुन्या वर्तमानपत्रांतल्या विवाह-मृत्यूच्या बातम्या कशा उतरवून काढता, ते त्यांनाही कळायला हवं.

आधी थोडं त्यांच्यासाठी. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणं केलं आणि १८४२ साली नगरहूनच ‘ज्ञानोदय’ काढला. त्यांतल्या पुरुषांबद्दल माहितीचा तोटा नाही. कुठे जन्मले, कुठल्या कॉलेजात शिकले, कोणत्या जहाजाने आले, सगळं मिळतं. त्यांच्याबरोबर आलेल्या बायका मात्र बहुतेक कागदांत ‘अमक्यांची पत्नी’ एवढ्याच आहेत. कित्येकजणी इथे आल्यावर थोड्याच वर्षांत गेल्या. कुणी पटकीने, कुणी तापाने, कुणी बाळंतपणात. त्यांचं माहेर कोणतं, वडील काय करत, हे नगरच्या दप्तरात सापडत नाही.

ती माहेरं तुम्ही शोधून दिलीत, आणि तीही तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या साप्ताहिकांत छापलेल्या तीन-तीन ओळींच्या विवाह-मृत्यूच्या बातम्यांतून.

आपल्याला वाटतं, अमेरिकेत सगळ्याची सरकारी नोंद असणारच. तसं नव्हतं. व्हर्मांटने राज्यभराची नोंदणी १८५७ साली सुरू केली, न्यूयॉर्क राज्याने तर १८८० च्या सुमारास. त्याआधी गावच्या कारकुनाने वही ठेवली असेल तर ठेवली. चर्चची वही कधी पाद्र्याबरोबर दुसऱ्या गावी गेली, कधी आगीत गेली. अशा ठिकाणी उरतं ते गावचं चार पानी साप्ताहिक. हातदाब्यावर छापलेलं, आणि बऱ्याचदा संपादक, मुद्रक आणि खिळे जुळवणारा एकच माणूस. बाहेरची दोन पानं आधी छापून ठेवायची आणि आतली दोन शेवटी, अशी पद्धत होती. त्यामुळे ताज्या बातम्या आत येत आणि हे रकाने बहुधा तिसऱ्या पानावर मिळतात. मायक्रोफिल्म, म्हणजे जुन्या अंकांच्या छायाचित्रांची फीत, लावली की आधी तिसरं पान गाठायचं, हे मी तुमच्याकडून शिकलो.

त्या ओळी वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. अमुक गावी, अमुक तारखेला, रेव्हरंड अमुक यांनी श्री. तमुक यांचा विवाह डीकन तमुक यांच्या कन्येशी लावला. बातमी संपली. तुम्ही म्हणालात, नवरा-नवरीकडे नंतर बघा, आधी पाद्र्याचं नाव बघा. पाद्री कळला की पंथ कळतो, पंथावरून चर्च कळतं, आणि वही शिल्लक असेल तर ती त्या चर्चच्या दप्तरात असते. वडिलांच्या नावामागची उपाधी सोडू नका. ‘डीकन’ असेल तर चर्चच्या कारभारात त्यांचं नाव मिळेल. ‘कॅप्टन’ असेल तर माणूस समुद्रावर गेलेला असेलच असं नाही, गावच्या शिबंदीतलाही असू शकतो. लग्न बहुधा मुलीच्या घरी व्हायचं, म्हणून मुलाच्या गावचं वर्तमानपत्र चाळत बसू नका. आमच्याकडे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी उघडताना गाव, आडनाव, कूळ हे क्रमाने विचारतात, तशीच शिस्तीची ही वाट आहे, आणि तुम्हाला ती पाठ आहे.

ज्या बाईंसाठी मी तुमच्याकडे आलो त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या घराण्यातल्या आजच्या माणसांना आधी कळवायचं, असं आपलं ठरलं आहे. मिशनचे बरेच लोक जहाजात बसण्याच्या थोडे दिवस आधी लग्न करत. जहाज सुटल्याची तारीख माझ्याकडे होती, त्यामुळे त्याआधीचे आठवडेच पाहायचे होते. पण मुलीच्या जिल्ह्यातल्या साप्ताहिकाचे नेमके तेच अंक कुठे उरले नव्हते. मी आशा सोडली होती. तुम्ही शेजारच्या जिल्ह्यांतली पत्रं काढलीत.

कारण तुम्हाला टपालाचा इतिहास माहीत होता. १७९२ च्या टपाल कायद्याने वर्तमानपत्रांना एकमेकांना एकेक प्रत फुकट पाठवता येत असे. त्या प्रतींवर खेड्यातले संपादक आपले रकाने भरत. एका गावची लग्नाची बातमी दोन-तीन आठवड्यांनी पन्नास मैलांवरच्या पत्रात जशीच्या तशी उतरे. कुणी पश्चिमेला ओहायो-मिशिगनकडे गेलेलं असेल तर मृत्यूच्या बातमीखाली विनंती असे की मूळ गावच्या पत्रांनी ही बातमी कृपया उतरवून घ्यावी. त्यामुळे मूळ अंक गेला तरी बातमी कुठेतरी राहते. आमच्या बाईंच्या लग्नाची तशीच राहिली होती. तीन ओळी, वडिलांचं नाव, गावाचं नाव.

उतरवलेल्या बातमीत तारखेचा घोळ असतो, हेही तुम्ही आधीच बजावलं होतं. त्या काळी ‘चालू महिन्याच्या’ किंवा ‘गेल्या महिन्याच्या’ अमुक तारखेस असं लिहीत, आणि दुसरा संपादक महिना उलटल्यावर तेच शब्द तसेच छापी. गेला महिना कोणता, हे मूळ पत्राच्या तारखेवरून ठरायचं. वयाचंही तसंच. ‘६३ व्या वर्षी’ वारल्या म्हणजे ६२ पूर्ण. उलट ‘७१ वर्षे, ३ महिने, १२ दिवस’ असं आलं की त्यावरून जन्मतारीख काढता येते. लग्नाची तारीख तुम्ही महिन्यासकट सोडवून पाठवलीत आणि शेजारी मूळ शब्दही ठेवलेत, म्हणजे कुणालाही हिशेब तपासता यावा.

तुमच्या वह्यांमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की तुम्ही काही गाळत नाही. याद्या करणारे पुष्कळ लोक नाव, गाव, तारीख घेतात आणि पुढे जातात. तुम्ही केकची ओळसुद्धा घेता. नव्या जोडप्याने बातमीबरोबर छापखान्यात लग्नाच्या केकचा तुकडा धाडायचा आणि संपादकाने बातमीखाली त्याचे आभार छापायचे, असा तिकडे रिवाज होता. मला ती नुसती गंमत वाटली असती. तुम्ही लिहिलंत: केक आला म्हणजे बातमी घरच्यांनी आणून दिली, दुसऱ्या पत्रातून घेतलेली नाही, तेव्हा नावांवर जास्त भरवसा ठेवायला हरकत नाही.

आणि ती आमच्या बाईंच्या आईची बातमी. मुलगी नगरला वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिकडे आई गेली. मृत्यूच्या रकान्यात आईचं स्वतःचं नाव नाही, नवऱ्याच्या नावाने ‘विधवा’ एवढंच आहे. पण पुढे अर्धी ओळ आहे, की यांची एक कन्या हिंदुस्थानात मिशनच्या कामावर असताना वारली. गावाच्या नावाचे खिळे जुळवणाऱ्याने असे काही लावले आहेत की अहमदनगर ओळखू येत नाही. संगणकाच्या शोधात ती बातमी कधीच आली नसती. तुम्ही डोळ्यांनी रकाना वाचत होतात म्हणून थांबलात, आणि स्पेलिंग न सुधारता तसंच उतरवलंत. ती ओळ मी आमच्याकडच्या मंडळींना वाचून दाखवली तेव्हा कितीतरी वेळ आम्ही त्याबद्दलच बोलत होतो. त्या घरात इतकी वर्षं नगरचं नाव निघत असणार. नाहीतर ते छापखान्यापर्यंत पोचलं नसतं.

सिंथिया फरारबाईंसाठी तुम्ही १८६२ चे अंक काढून दिलेत, त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. बाई न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोच्या. १८२७ साली एकट्या, अविवाहित, मुंबईला आल्या, पुढे नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले असं चरित्रकार सांगतात. १८६२ च्या जानेवारीत त्या नगरला वारल्या. तुम्ही म्हणालात, इथलं टपाल सुएझवरून तिकडे जायला आठवडेच्या आठवडे धरा आणि वसंत ऋतूपासून पुढे वाचा. शेजारच्या कीन गावचं ‘न्यू हॅम्पशायर सेंटिनल’ १७९९ पासून निघत होतं. ते आणि आजूबाजूची पत्रं वाचायला घेतली, आणि ते वर्ष अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं आहे हे रकान्यातूनच समोर आलं. छावणीत विषमज्वराने, गोवराने, जुलाबाने गेलेली वीस-बावीस वर्षांची शेतकऱ्यांची मुलं. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगाने जास्त सैनिक मेले हे वाचलं होतं, पण एकेका गावच्या रकान्यात ते एकेका नावाने दिसतं. माझ्या कामाशी त्या मुलांचा संबंध नव्हता. तुम्ही त्यांचीही प्रत्येक ओळ उतरवत होतात, आणि मला हवे असलेले अंक त्यातून वेळ काढून पाठवत होतात.

एक गोष्ट मला तुमच्यामुळे उलगडली. १८६० च्या आधीचे अंक आजही हातात धरता येतात, कारण तो चिंध्यांपासून केलेला कागद आहे. त्यानंतरच्या दशकांत लाकडाच्या लगद्याचा कागद आला, तो पिवळा पडून तुटतो. म्हणून तुम्ही आता नंतरचे अंक आधी हाती घेतले आहेत. माझी विचारणा अजून जुन्या अंकांबद्दल आहे, पण ती थांबू शकते. तुटणारा कागद आधी होऊ द्या.

माझ्याकडून परतफेड म्हणून एक काम सुरू केलं आहे. इथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या अमेरिकन कबरींवरचे लेख उतरवतो आहे. तुमच्याच पद्धतीने, अक्षर न सुधारता, दगड फुटला असेल तिथे टिंबं देऊन, आणि प्रत्येक लेखासोबत फोटो. तिकडच्या गावांत यातली नावं शोधणारं कुणी असेल तर त्यांना सरळ द्या, मला विचारायची गरज नाही. पहिला संच दिवाळीच्या आत पाठवतो.

तब्येतीला जपा. मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे सलग बसू नका, हे काकांनीही सांगायला सांगितलं आहे.

तुमचा कृतज्ञ,
नगरचा एक अभ्यासक