एका पेनीचे साप्ताहिक

मा. संपादक,

खानापूर-निपाणीकडच्या वाचनालयांत स्वस्त पुस्तकांचा विषय निघाला की लंडनचा प्रकाशक चार्ल्स नाइट आठवावा. १८३२ साली त्याने आठ पानी सचित्र ‘पेनी मॅगझिन’ काढले. खप दोन लाखांच्या घरात गेला. चित्रे बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलेली. ठोकळा टाइपाच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) उंचीचाच, म्हणून मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापून निघे. पण ओल लागली की लाकूड तडकते (बेळगावच्या पावसात तर विचारूच नका!). म्हणून ठोकळ्यावरून प्लास्टरचा साचा घेऊन त्यात शिशाच्या मिश्रधातूचे पत्रे ओतत. पत्रा झिजला की नवा. स्वस्ताईतला खरा अडथळा तिथला कागदावरचा कर. १८३६ला तो पौंडामागे तीन पेन्सांवरून दीडवर आला, सुटला मात्र १८६१ला. साप्ताहिक १८४५लाच बंद पडले होते.

— वाचनालय कार्यकर्ते, खानापूर